घोड्यावर बसणारी लीला

माझी नणंद लीला कॉलेजात घोड्यावर बसायची. एक्कावन्न सालची गोष्ट. संस्थान विलीन झालं, पागा मोडली, तवा त्यातली काही घोडी कॉलेजला मिळाली आणि पोरापोरींचं पथक निघालं. त्यात लीला सगळ्यांच्या पुढं. मंगळा नावाच्या तांबड्या घोडीवरनं ती कुंपण ओलांडायची तवा मी डोळेच झाकून घ्यायचे.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गुळाचे व्यापारी. त्यांच्यापुढं घरात ब्र काढायची सोय न्हवती. ते लीलाला म्हणाले, "खेळ असंल तर खेळ, कॉलेज पुरं कर. नुसती हौस असंल तर राधानगरीचं स्थळ आलंय, उरकून टाकू."

"खेळच हाय, आण्णा."

"मग तसं कॉलेजनं म्हणू दे."

कॉलेज तर म्हणत न्हवतं. त्यांच्या लेखी हॉकी हा खेळ, कबड्डी हा खेळ, कुस्ती तर काय विचारूच नका. घोडेवाल्यांना ना स्पर्धा, ना खेळाडूचा बिल्ला. पथकानं प्राचार्यांचा पिच्छा पुरवला तवा कुठं, ह्यो खेळ का नुसती हौस ते ठरवायला कमिटी बसली. पथकाच्या वतीनं लीला बोलायला उभी राहिली. मी सोबतीला गेलते.

कमिटीत तालमीचे एक वस्ताद होते. त्यांनी विचारलं, "पोरी, तू करतीस काय नेमकं?"

"घोड्यावर बसते."

आता दुसरं काय म्हणणार? आपण सगळे तसंच म्हणतो की.

"बसतीस व्हय? मग पळतंय कोण?"

"घोडी."

"मग बिल्ला घोडीला देऊ की. बसणं ह्यो कसला खेळ? आमची म्हातारीबी दिवसभर बसती."

सगळी कमिटी खदाखदा हसली. लीला मांड कशी धरायची, गुडघ्यानं घोडी कशी वळवायची ते सांगत राहिली, पण ऐकतंय कोण? असा संताप आला मला. मेल्यांनो, तुम्हीबी खुर्चीत बसूनच निवाडा करताय की. पण सुनेचं तोंड, ते मिटूनच ठेवलं.

हौस ठरली. पथक मोडलं, मंगळा एका बँडवाल्यानं घेतली आणि लीलाचं कॉलेज सुटलं. मग "वन्सं, जेवा" म्हटलं की ती जेवायची, "झोपा" म्हटलं की झोपायची. एवढी भांडखोर पोर, पण माझ्याशी भांडायचीसुद्धा बंद झाली. मला ते बघवत न्हवतं.

मग राधानगरीच्या स्थळाशीच लग्न ठरलं. लग्नात नवरदेव घोडीवरनं मांडवाकडं आला. घोडी मंगळाच. बँडच्या दणक्यानं ती बिथरली. नवरदेव घाबरून लगाम ओढतोय, आणि ओढंल तशी ती जास्तच उसळतीय. खिडकीतनं बघून लीला मुंडावळ्यांसकट ताडकन उठली.

"लगाम सैल सोडा," म्हणत ती दाराकडं धावली.

मामंजी दारात आडवे झाले. "कुठं चाललीस? खाली बस. माणसं बघाय लागल्यात."

तिनं त्यांच्या खांद्यावरनं एकवार घोडीकडं बघितलं.

"बसते की, आण्णा," ती म्हणाली. "मला तेवढंच येतं."

आणि पाटावर जाऊन बसली.