पट्ट्यावरचं पहिलं नाव

ती घटना आठवली की आजही मला आधी माझीच सही दिसते.

व्यावसायिक महिला कुस्तीतल्या अजिंक्यपदाचा पट्टा चोरीला गेल्याची फिर्याद आमच्या ठाण्यात आली. फिर्यादी स्पर्धेचे संयोजक, बिबवेवाडीतले बडे बिल्डर. पट्ट्यावर दरवर्षीच्या विजेतीच्या नावाची चांदीची पट्टी बसवत. कचेरीतल्या काचेच्या कपाटातून तो भरदुपारी गेला होता. स्पर्धा तोंडावर आली होती, त्यामुळे वरूनही फोन सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी खबर आली ती नारायण पेठेतल्या एका नाव कोरणाऱ्या कारागिराकडून. एका बाईने पट्टा आणून पहिल्या जागी स्वतःचं नाव बसवायला सांगितलं होतं आणि ती संध्याकाळी तो न्यायला येणार होती. आम्ही पंच घेऊन पोचलो. पट्ट्यावर पाच नावं होती, फिर्यादीत चारच. चोरीचा माल दिसत असताना आधी काम उरकून मग फोन कसा केलात, असं मी कारागिरांना दरडावून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "अहो, पहिल्या वर्षी हे नाव मीच कोरलं. गेल्या वर्षी संयोजकांच्या सांगण्यावरून मीच काढलं. मग परत बसवायला दुसरा कोण येणार?"

शिरस्त्याप्रमाणे पट्ट्याचं वर्णन पंचनाम्यात घेतलं, पाचही नावांसकट.

संध्याकाळी बाईला ताब्यात घेतलं. विदर्भातून आलेली, विश्रांतवाडीत खोली घेऊन कारखान्यात काम करणारी. कान मोडलेला. असा कान फक्त मातीत आणि मॅटवर मिळतो, त्याचं सोंग आणता येत नाही. पहिल्या वर्षीची विजेती तीच होती. चौकशीत मी ऐकवलं, "अन्याय झाला होता तर पोलिसांकडे यायचं. चोरी कशाला?"

तिने डब्याच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "आलती ना साहेब. हे पाहा."

ते आमच्याच ठाण्याचं पत्र होतं. सराव शिबिरात वस्ताद अंगचटीला येतो, असा लेखी अर्ज तिने दोन वर्षांपूर्वी दिला होता. तेव्हा संयोजक स्वतः माझ्यासमोर चहा घेत बसले होते आणि पोरीच्या डोक्यात हवा गेली आहे, असं सांगून गेले होते. मला ते पटलं. गुन्हा नोंदवायचा सोडून मी अर्ज दफ्तरी दाखल केला. तसं कळवणाऱ्या या पत्राखाली सही माझी. त्यानंतर तिला स्पर्धेतून काढलं, मग पट्ट्यावरून.

वस्तादावर गुन्हा नोंदवला, पण उशिरा. शिबिरातल्या मुली जबाबाला पुढे आल्या नाहीत. तक्रार करणारीचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. पट्टा कोर्टाच्या हुकमाने संयोजकांकडे गेला. लांबणीवर पडलेली स्पर्धा झाली तेव्हाच्या फोटोत त्यावर पुन्हा तिचं नाव नव्हतं. चोरीचं दोषारोपपत्र मात्र मलाच दाखल करावं लागलं.

कोर्टात तिला त्याची नक्कल मिळाली, तोवर तिची नोकरीही गेली होती. पानं उलटत ती पंचनाम्यावर थांबली आणि बोट ठेवून म्हणाली, "पयलं नाव माह्यंच हाय. इथं तरी राह्यलं."

अर्ज घेऊन आलेल्याला आधी खुर्ची द्यावी आणि चहाला आलेल्याला बाहेर थांबवावं, हे मी शिकलो, पण निवृत्तीला आठ महिने उरले असताना. ती अजिंक्य होती याचा आज एकच सरकारी पुरावा आहे आणि त्यात ती आरोपी आहे. त्या कागदावरही सही माझीच आहे.