उरलेलं पाणी

लातूरला छातीतल्या गाठीची सोनोग्राफी करायला बसले होते. शेजारची बाई पदरानं बाटलीचं तोंड पुसून सारखी माझ्यापुढं करायची. "प्या ताई. लघवी दाटल्याबिगर मशीनवर काई दिसत न्हाई." तिलाही छातीतच गाठ होती. मुलीच्या कोचिंगसाठी ती अहमदपूरहून येऊन खोली करून राहिली होती. मुलीला अजून सांगितलं नव्हतं. छातीतलं बघायला पाणी कशाला, मला कळेना, तरी मी पीत राहिले.

तिला आत बोलावलं. बाहेर आली ती पदर सावरत एवढंच म्हणाली, "पाणी लागतच न्हाई, ताई." गाठीचं काय झालं, ते चेहऱ्यावरून समजेना. विचारावं की नको, तोवर ती गेलीसुद्धा. बाटली बाकावरच राहिली.

माझं नाव पुकारलं. उरलेलं पाणी पिऊनच मी उठले.