हेमाच्या ब्रेकला नल्लेण्णै

"मामा, लिव्हर पार ग्रिपला टेकतोय! बाबांनी गाडी विकायला काढली!"

फोनवर माझी भाची हेमा. पापनाशमच्या शाळेत शिकवते, तंजावूरहून रोज मोटरसायकलने जाते. आदल्या दिवशी बसच्या मागे ब्रेक दाबला, तर तो लागेचना. कशीबशी थांबली. तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या भावोजींनी, लगेच गिऱ्हाईक ठरवलं. ते संध्याकाळी येणार होतं.

मी सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर म्हणून रिटायर झालो, पण ब्रेक म्हटलं की अजून हात शिवशिवतात. सील किट घेऊन धावलोच. एक नाही, दोन. रबराचा मला भरवसा नाही.

हँडलवर, ब्रेक लिव्हरपाशी, मास्टर सिलिंडर असतो. लिव्हर दाबला की त्यातला पिस्टन ब्रेक फ्लुइड चाकाकडे ढकलतो. पिस्टनवरचं रबरी सील झिजलं की फ्लुइड आतल्या आत मागे पळतं. बाहेर थेंब दिसत नाही, आणि ब्रेक गायब!

फ्लुइड रंग खातं, म्हणून टाकीवर ओलं फडकं टाकलं. सर्क्लिप, म्हणजे पिस्टन अडकवणारी कडी, काढली. पिस्टन टुणकन बाहेर. बॅटरी लावून आत पाहिलं. एक ओरखडा नाही!

"हेमा, वाचली गं तुझी गाडी!" मी ओरडलोच. ओरखडा असता तर अख्खा सिलिंडर बदलावा लागला असता, आणि तो संध्याकाळपर्यंत कुठला मिळायला!

हात धुऊन आलो, किटमधला सील चढवलेला नवा पिस्टन उचलला, तर तिळाच्या तेलाचा वास.

"भावोजी, याला काय लावलंत?"

"नल्लेण्णै. नवी वस्तू कोरडी वापरू नये."

आमच्या घरांत डोशाचा नवा तवा असो की दाराची बिजागरी, आधी तिळाचं तेल. पण हे रबर तेलानं फुगतं. पिस्टन अडकतो, चाक जाम होतं.

"अय्यो! पोरीच्या जिवावर उठलात की काय?"

"तिचा ब्रेक नीट चालावा म्हणूनच लावलं हो," भावोजी एवढंसं तोंड करून म्हणाले. मला त्यांची दया आली, पण रागही जाईना.

दुसरं किट फोडलं. सील ताज्या ब्रेक फ्लुइडमध्ये बुडवून बसवलं. मग ब्लीडिंग, म्हणजे नळीतली हवा काढणं. हेमा लिव्हर दाबून धरायची, मी चाकाजवळचा स्क्रू सैल करून पुन्हा आवळायचो. बुडबुडे, आणखी बुडबुडे, आणि एकदम लिव्हर दगडासारखा घट्ट!

"मामा, लागला!" हेमा नाचायलाच लागली.

तेवढ्यात गिऱ्हाईक दारात. "थांबा, आधी मी बघतो," म्हणत भावोजींनी हेल्मेट चढवलं. गल्लीच्या टोकाला ब्रेक मारला, जागच्या जागी थांबले. आता वळतील म्हणून आम्ही बघतोय, तर गडी तिरुवैयारुच्या दिशेने पसार! गिऱ्हाईक कॉफी पिऊन, कंटाळून निघून गेलं.

दिवेलागणीला परतले. केस उडालेले, चेहरा खुललेला.

"गाडी विकायची नाही."

हेमा त्यांच्या गळ्यात पडणार, तोच ते म्हणाले, "तू उद्या बसने जा. मला जरा कुंभकोणमला जायचंय."

टेस्ट राइड मेकॅनिकनेच घ्यायची, घरच्यांना द्यायची नाही, असा आमच्या सेंटरचा नियम होता. तो का होता, हे मला रिटायर झाल्यावर कळलं.