काकांचं ताट आणि कृष्णविवर

कृष्णविवर सगळं गिळून टाकतं, असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. नुसतं गिळून गप्प बसलं असतं तर काय हवं होतं! खरा उच्छाद होतो तो खाताना. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक महाकाय कृष्णविवर असतं. महाकाय म्हणायचं, पण दीर्घिकेच्या मानाने ते चिमूटभर. त्याच्याकडे वायू ओढला जातो, गरगर फिरत तापतो, आणि त्यातून असे झोत आणि वारे बाहेर सुटतात की दूरदूरचा वायूही तापून उठतो. नवा तारा जन्मायचा तर वायू थंड व्हावा लागतो. तापलेला वायू नाहीसा होत नाही, तिथेच राहतो. त्याचा तारा मात्र होत नाही.

हे सगळं मी सिरसाळ्याच्या घरात चुलीपाशी बसून आईला सांगायचे. तेव्हा मी परळीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गापुढे बोलायला मी हा विषय ग्रंथालयातल्या मासिकातून उचलला होता. शास्त्रज्ञांनाही तो तेव्हा नवाच होता. आमच्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या होत्या, शेजारी एसटीडीचं खोकं आलं होतं, दुनिया खुली झाली म्हणून जो तो सांगत सुटला होता. आमच्या घरात मात्र मोठ्या काकांनी हं म्हटल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडत नव्हती.

मोठे काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. काकू वारल्यापासून त्यांचं जेवण आमच्याकडे. दुपारी दुकानातून यायचे, पूजा करायचे, कपाळाला विभूती लावून पाटावर बसायचे. ते उठेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. पोट रिकामं असेपर्यंत माणूस अगदी गरीब गाय. दोन भाकरी आत गेल्या की तोंड सुटायचं. ही कावून हसली, तो कावून उशिरा आला, मला कावून इचारलं न्हाई! माझ्या बहिणीची शाळा अशाच एका जेवणानंतर सुटली. ती घरातच राहिली, खाऊन पिऊन, आणि तिचं काहीच झालं नाही. वडील मान खाली घालून ऐकत बसायचे. मला त्यांचाही राग यायचा.

धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काका हातभर अंतरावर बसलेले असले तरी आई पदर सावरून मला म्हणायची, "काकाला इचार, वरण वाढू का." काका मला सांगायचे, "तुज्या आईला म्हनावं, वाढ." मी मधे खांबासारखी उभी. असली रीत काढणाऱ्याला एक दिवस असंच उभं करायला हवं होतं.

निकाल लागला. औरंगाबादला एम.एस्सी.ला माझा नंबर लागला. तीन दिवसांत जाऊन प्रवेश घ्यायचा होता, नाहीतर जागा जाणार होती. मी काकांना दोनदा विचारून चुकले होते, दोन्ही वेळा जेवणानंतर. "पोरीच्या जातीला एवढं लई झालं," म्हणून त्यांनी हात धुतले होते.

"भुकेलं असलं की ते शांत असतं," मी कृष्णविवराबद्दल आईला पूर्वी सांगितलं होतं. तेव्हा ती नुसती हसली होती.

मुदत संपायच्या आदल्या दुपारी काका पाटावर बसले. आईनं ताट वाढलं, भाकरी ठेवली, पण ताट पुढे सरकवलं नाही.

"काकाला इचार," ती मला म्हणाली, "पोरगी उद्या औरंगाबादला जानार हाय का न्हाई. मग ताट देते."

 मी काकांना शब्द न शब्द तसंच विचारलं.

"तुज्या आईला म्हनावं, डोकं ठिकानावर हाय का? आधी वाढ."

"काकाला सांग, भाकरी गरम हाय तवर सांगा म्हनावं."

काकांनी ताटाकडे पाहिलं. मी ओरडण्याची वाट पाहत होते. ओरडायला पोटात काही नव्हतं. ते उठले, टोपी घातली, "जाऊ द्या तिला, मला इचारू नका," असं भिंतीकडे बघून म्हणाले आणि दुकानाकडे निघून गेले.

आईनं ते ताट स्वतःपुढे ओढलं. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि चटका बसून तोंडावर हात धरला.

"लई गरम लागती गं," ती म्हणाली.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती या घराला तव्यावरच्या भाकरी वाढत होती, आणि तिच्या तोंडाला गरम घासाची सवयच नव्हती. मी उद्या जाणार होते. मला आनंद व्हायला हवा होता. आला तो संताप.

"सावकाश खा," मी म्हणाले, आणि तिच्यासाठी दुसरी भाकरी थापायला बसले.