पंच क्रमांक दोन

ती गोष्ट आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि त्यातला थोडा राग माझा माझ्यावरच असतो. निजामाचं राज्य होतं. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नायब अमीन होतो; आजच्या भाषेत फौजदाराच्या हाताखालचा अधिकारी. गावाचं किंवा माणसांचं नाव सांगणार नाही. त्यातल्या काहींची नातवंडं अजून तिथंच नांदत आहेत.

आमच्या ठाण्याच्या पायरीशी एक पानवाला बसे. सकाळची हजेरी झाली, रोजनामचा लिहून झाला, की पंचनाम्यांचे कागद निघत. चोरी बाजारात होवो की शिवारात, पंच म्हणून पानवाल्याचा अंगठा ठरलेला. कागदाला कात लागू नये म्हणून जमादार त्याला आधी बोट पुसायला लावी, एवढीच काय ती आमची दक्षता. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

त्या वर्षी बल्दियानं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, जिंतूरच्या वाटेवरची एक पडीक जमीन तुकडे पाडून विकायची ठरवली. नकाशा झाला, हद्दीचे दगड रोवले गेले, येत्या बाजाराच्या दिवशी हर्रास, म्हणजे लिलाव, होणार अशी दवंडीही फिरली. कापसाच्या पैशानं गबर झालेली चार मंडळी जागेवर डोळा ठेवून होती. आणि हर्रासाला पाच दिवस उरले असताना बल्दियाचा अहलकार तक्रार घेऊन ठाण्यात आला. अहलकार म्हणजे कारकून, पण याचा रुबाब तहसीलदाराचा. हद्दीचे सगळे दगड कुणीतरी उपटले होते, आणि सरकारी निशाणीला हात लावणं हा गुन्हा होता.

खबर आणायला फार हिंडावं लागलं नाही. दुपारीच एक टांगेवाला आला.

"सायेब, दगड कुनी न्हेले न्हाईत. तितंच बाभळीखाली रचून ठिवलेत. मिरचीवाल्या वाण्याच्या पोरानं उपटले, सोमवारी, चांगलं ऊन पडल्यावर. लोकं बघायलेत अन् ह्यो उपटायलाय!"

"आता कुठं आहे तो?"

"पिंगळीला, भैनीकडं गेलाय."

जमादार दुसऱ्या दिवशी त्याला पिंगळीहून गाडीनं घेऊन आला. तिशीचा, सडपातळ, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग. मुलजिमाचा, म्हणजे आरोपीचा, कागद भरायचा म्हणून मी रिवाजाप्रमाणं विचारत गेलो: नाव, बापाचं नाव, धंदा, बाप हयात की मयत. "मयत," तो म्हणाला. दगड उपटले का? "उपटले." का उपटले? यावर तो गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. मी उठलो आणि त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. त्या काळी आम्ही याला तपास म्हणत होतो.

त्यानं गालाला हातही लावला नाही. म्हणाला, "त्यातला एक दगड आमच्या आप्पाच्या डोक्यावर रोवला व्हता सायेब. तुमी काय केलं असतं?"

मी त्याला घेऊन जागेवर गेलो. खरं तर हे आधी करायला हवं होतं. लिंगायतांत माणूस गेला की जाळत नाहीत, खड्ड्यात बसवून, हातात लिंग देऊन माती देतात. ऐपतवाले वर ओटा बांधतात. या जागेवर सगळे गरिबाघरचे, त्यामुळं ओटा एकही नव्हता. माती सारखी केलेली आणि कुठं कुठं सुकलेली बेलाची पानं. एक म्हातारी तिथं पदर डोक्यावर घेऊन बसली होती, त्या पोराची आई. मला बघून ती उठली नाही.

"हितं आमचे मालक," तिनं मातीवर हात ठेवला. मग शेजारची हातभर जागा दाखवली. "अन् ही माजी. मालकानंच सांगून ठिवलं हाय. आता तितं कुनाचा संडास यायलाय म्हने."

मी तडक बल्दियाच्या कचेरीत गेलो. अहलकारानं उर्दूतली नियमावली पुढं टाकली. पहिली दोन पानं नुसत्या व्याख्यांची. आम रास्ता म्हणजे काय, गल्ली म्हणजे काय, इमारत कशाला म्हणावं. कब्रस्तान म्हणजे मुसलमानांची दफनाची जागा. मरघट म्हणजे हिंदूंची जाळण्याची जागा. आणि 'खाली अराजी', मोकळी जमीन, म्हणजे ज्या जमिनीवर इमारत नाही, पीक नाही आणि वरच्या दोन्हींपैकी काही नाही ती. पुरणारे हिंदू त्या किताबात कुठंच नव्हते. शेकडो वर्षं या मुलखात राहणारी माणसं, आणि त्यांच्या मढ्यांसाठी सरकारला एक शब्द सुचू नये!

"लफ्ज दाखवा अमीनसाब," अहलकार खुर्चीत रेलून म्हणाला. "किताबात लफ्ज न्हाई, तर जागा खालीच. मी काय मनानं लिहू?"

"जागेवर जाऊन बघितलं होतं का?"

"पंचनामा हाय ना. पंचांनी बघितलंय."

त्यानं तोही कागद काढून दिला. संक्रांतीनंतरची तारीख होती. 'जागा समक्ष फिरून पाहिली, पूर्ण खाली आहे, कुणाची वहिवाट नाही.' खाली दोन पंचांची नावं आणि अंगठे. दुसरं नाव वाचलं आणि मी थांबलो. ते मी त्याच दिवशी माझ्या हातानं लिहिलं होतं, मुलजिमाच्या कागदावर, बापाच्या नावाच्या रकान्यात. आजोबाचं नाव तेच, आळी तीच, धंदा तोच: मिरची-हळद विक्री.

नावासारखं नाव असू शकतं म्हणून मी मयतांचं रजिस्टर मागितलं. ते त्याच कचेरीत, त्याच कपाटात होतं. म्हाताऱ्याच्या मरणाची नोंद आदल्या दसऱ्याच्या आधीची होती. अक्षर याच अहलकाराचं होतं.

जी जागा खाली आहे असं पंच क्रमांक दोननं समक्ष फिरून सांगितलं होतं, त्याच जागेत तो चार महिने बसलेला होता.

मग सगळं बाहेर आलं. म्हाताऱ्याचं दुकान कचेरीच्या अगदी समोर. पंधरा वर्षं बल्दियाचा कुठलाही कागद निघाला की त्याला हाक मारायची. उर्दू वाचता येत नव्हतं, म्हणून अंगठा. तो बिचारा मिरचीचे हात धुऊन यायचा आणि कशावर अंगठा देतोय हे न विचारता परत जायचा. तो मेला, पण अहलकाराच्या हाताची सवय मेली नाही. नाव लिहून झाल्यावर माणूस नाही हे आठवलं, तेव्हा चपराशाचा अंगठा उठवला. चपराशानं माझ्यापुढं पाच मिनिटांत कबुली दिली.

अहलकार मात्र घाबरला नाही, आणि तेच माझ्या जिव्हारी लागलं. तो म्हणाला, "अमीनसाब, तुमच्या ठाण्याचा पानवाला किती मुकदम्यांत पंच हाय, मोजू का? त्यानं कंदी गावाची वेस तरी वलांडली का?"

त्याला हवालातीत घातला तेव्हा माझी मान पूर्ण वर नव्हती.

मी मोहतमीम साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना, दोन्ही कागदांच्या नकला जोडून रपट पाठवली आणि हर्रास थांबला. न्याय झाला असं कुणाला वाटेल. पुढचं ऐका. अहलकाराचा मामा वरच्या कचेरीत होता. 'लिहिण्यातली चूक' ठरून त्याची दुसऱ्या तालुक्याला बदली झाली, ती वरच्या जागेवर. चपराशाची नोकरी गेली. आणि दगड उपटणाऱ्या पोरावर मुकदमा चाललाच, कारण त्यानं गुन्हा कबूल केला होता. मुन्सिफानं त्याला अदालत उठेपर्यंत बसून राहण्याची सजा दिली. तो दिवसभर बाकावर ताठ बसून होता.

नकाशा नवीन झाला तेव्हा नकाशेवाल्यानं मला विचारलं, या जागेवर काय लिहू? किताबात शब्द नव्हताच. बराच खल होऊन त्यानं 'दीगर' लिहिलं, म्हणजे 'इतर'. राज्य गेलं, उर्दू गेली, माझी नोकरीही संपली. त्या जागेची कागदोपत्री ओळख आजही 'इतर' हीच आहे असं ऐकतो. याचाही मला संताप येतो, पण निदान तिथं कुणाचा पाया खणला गेला नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. पायरीवरच्या पानवाल्याचा अंगठा पुन्हा घेतला नाही. जागेवर स्वतः उभा राहिल्याशिवाय आणि पंचाला कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय पंचनामा केला नाही. हाताखालचे लोक मला किरकिऱ्या म्हणत. म्हणोत बापडे.

हे शहाणपण मला कुठल्या कायद्याच्या पुस्तकानं दिलं नाही. हर्रास थांबल्याचं सांगायला मी त्याच जागेवर म्हातारीकडं गेलो होतो. पंचनाम्यात काय निघालं तेही तिला सांगितलं. वाटलं, रडेल, शिव्याशाप देईल. तिनं थोडा वेळ मातीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं बघून म्हणाली,

"आमच्या मालकाचा अंगठा लावलाच व्हता, तर हितं येऊन येकदा इचारायचं तरी व्हतं, सायेब. त्ये घरीच व्हते."