पायरीवर आबा नव्हते

दोन हजार बावीस साल. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाय — बायको असती तर तिला बी सांगितली नसती. तुम्ही मला ओळखत नाय, म्हणून तुम्हाला सांगणं जमतंय.

माझी सून वैशाली. तिची लेकरं मोठी झाल्यावर तिनं स्पेशल बी.एड. धरलं. ज्यांना शिकायला वेळ लागतो अशा आठवी-नववीच्या मोठ्या पोरांना शिकवायचं शिक्षण ते. मी तिसरी शिकलेला माणूस, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमालांचा मुकादम होतो. मी तिला टोमणे मारायचो, "डोकं असलं तर पोरगं शिकतं, नसलं तर नाय. तू त्यात काय करणार?" ती हसायची. "आबा, तुम्हाला सायकल एका दिवसात आली का?"

"एका दिवसात आली," मी म्हणायचो. ते बी खोटंच.

आमच्या गल्लीत सना राहायची, नववीतली पोरगी. वाचायला अडखळायची, घड्याळ कळायचं नाय. तिची अम्मी शिवणकाम टाकून रोज तिला मुकुंदवाडीहून सिडकोच्या शाळेत सोडायला जायची. वैशालीला कॉलेजच्या अभ्यासासाठी एक पोर निवडून शिकवायचं होतं, तिनं सनालाच घेतलं. सनानं एकटीनं शाळेत जायचं — हे तिला शिकवायचं ठरवलं. रस्ता ओलांडायचा. रिक्षावाल्याला "सिडको?" विचारायचं. पैसे मुठीत धरायचे. एक-एक गोष्ट, पुन्हा पुन्हा, किती आठवडे! आधी वैशाली शेजारी बसायची, मग मागच्या रिक्षात. मग तो दिवस आला, सनानं एकटीनं जायचा.

वैशाली सिडकोला थांबणार. मी इकडं, रिक्षा थांब्यासमोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर. मदत करायची नाय, नुसतं बघायचं आन् ती बसली की फोन करायचा. सनाला वैशालीनं पक्कं शिकवलं होतं — काही अडलं तर पायरीवर आबा असतील, त्यांच्याकडं जायचं.

एवढंच काम. बसायचं काम.

आता सांगतो — म्हणजे सांगायलाच बसलोय ना? समोरच्या हॉटेलात माझे मोंढ्यातले जुने दोस्त चहा पीत होते. एकानं हाळी दिली, "काय मुकादम! सुनेनं ड्युटीवर लावलं व्हय? पगार काय देती?" सगळे हसले. मला ते लई लागलं. ज्यानं दीडशे माणसं राबवली, त्यानं एका पोरीची राखण करायची? सना समोर थांब्यावर रिक्षाची वाट बघत उभी होती, तरी मी उठलो. हॉटेलात गेलो, चहा सांगितला, मोठमोठ्यानं जुन्या गोष्टी सांगत बसलो. पायरीकडं पाठ करून.

परत आलो तर सना नव्हती. तेवढ्यात फोन. "आबा, बसली का?"

"बसली," मी म्हणलो. "माझ्या डोळ्यांनी बघितलं."

वाटलं, बसलीच असंल. पण ती सिडकोला पोचली नाय. वैशालीचा पुन्हा फोन — "आबा, नक्की सिडकोच्याच रिक्षात?" तेव्हा तरी सांगायचं होतं की नाय? मी म्हणलो, व्हय. माझ्या त्या एका शब्दावर सगळे सिडकोच्या बाजूला धावले. सनाचा बाप हर्सूलच्या तलावापर्यंत जाऊन आला. तलावावर बाप कशाला जातो, तुम्हाला कळतंय ना? आन् मी मुकुंदवाडीच्या गल्ल्यांतून एकटाच चोरासारखा तिला हुडकत होतो. तोंड मात्र उघडलं नाय.

संध्याकाळी ती मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकड्यावर सापडली. पेरू विकणाऱ्या बाईनं तिला जवळ बसवून घेतलं होतं. सगळे गोळा झाले. सना सरळ बोलली, "रिक्षावाला नाय म्हणला. मी पायरीवर गेले. आबा नव्हते. मग मी आबांना शोधलं."

पोरीनं शिकवलेलं सगळं बरोबर केलं होतं. चुकलं ते एकाच ठिकाणी, आन् तिथं मी बसायचा होतो.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलो, "घाबरलीय. मधीच उतरली असंल. काहीबाही बोलती." आन् लोकांना ते पटलं. का नाय पटणार? एकीकडं माझ्या पांढऱ्या मिशा, दुसरीकडं ती पोरगी, जिला घड्याळ कळत नाय. वैशाली तेवढी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिली. तिला कळलं होतं का? मला आजवर माहीत नाय. मी कधी विचारलं नाय.

पुढं कॉलेजात तिला लई बोलणी बसली. पोरीची कुवत न बघता तिला रस्त्यावर सोडलं, म्हणले. ती ऐकून आली. परीक्षेला बसलीच नाय. आता एका दवाखान्यात केसपेपर काढती. सनाला परत कुणी एकटं सोडलं नाय. नववीनंतर शाळा सुटली. अम्मीनं शिवलेल्या कपड्यांचे धागे तोडत दारात बसती.

पण मला जे गिळता येत नाय ते याच्याही आधीचं — सना सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं.

सकाळी सनाची अम्मी आमच्या दारात आली. सना सोबत, युनिफॉर्म घातलेला, डोळे सुजलेले. "चाचा, लडकी ने आप पे इल्जाम डाला," अम्मी म्हणाली. "मैं रातभर समझाई इसको. बुजुर्ग आदमी झूठ थोडी बोलते? बोल, सना."

सना माझ्याकडं बघत उभी राहिली. मग पाठ केलेलं म्हणावं तसं एकेक शब्द बोलली, "सॉरी आबा. मी खोटं बोलले. तुम्ही पायरीवर होते."

स्वयंपाकघराच्या दारात वैशाली उभी होती.

मी सनाच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणलो, "असू दे बेटा. पुन्हा खोटं बोलू नको."