काकांसारखा बोलणारा माणूस

देवळीला आमची जवस-शेंगदाण्याच्या तेलाची लहानशी मिल होती. काका ती चालवायचे आणि चालवता चालवता अखंड बोलायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात बाहेरदेशचं पामतेल स्वस्तात येऊ लागलं. सरकारने त्यावरचा कर आणखी उतरवला, तर आपली मिल संपली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात एक शहरी गृहस्थ मिलवर येऊन बसायला लागले. खेड्यातल्या धंद्याचा अभ्यास करतो, म्हणाले. अभ्यास कसला, नुसते काकांच्या तोंडाकडे टक लावून बसायचे. हातातला चहा निवून जायचा. मला त्यांची भीती वाटायची. काकांना मात्र असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता, ते खुलले.

थंडीत तेच गृहस्थ टीव्हीवर दिसले. तेलावरच्या कराची चर्चा होती. बोलण्याआधी त्यांनी घाण्यातून निघालेली तेलाची ढेप हुंगल्यासारखी बोटं नाकाशी नेली. ही काकांची सवय! "पाहा साहेब, गरिबाच्या कढईत डोकावून पाहा..." तो घोगरा चढउतारही काकांचाच. फक्त मागणी उलटी: कर काढा, बाहेरचं तेल येऊ द्या. माझ्या अंगावर काटा आला. काका मान डोलवत होते.

"बरोबर बोलून राह्यला," ते म्हणाले, आणि एकदम उठून त्यांनी टीव्ही बंद केला.

नागपूरच्या ओळखीच्या वकिलांनी उलगडा केला. बाहेरच्या कंपन्या दिल्लीत पगारी माणसं ठेवतात. मंत्र्यांच्या कानाशी लागायचं, तेही इथलाच कुणी बोलतोय असं भासवून, हे त्यांचं काम. मी संतापले. काका तडक खासदारांकडे निघाले, मीही सोबत गेले.

काकांनी बोटं नाकाशी नेली. "पाहा साहेब, गरिबाच्या कढईत..."

खासदार हसले. "अहो, हे त त्या टीव्हीवाल्याचं झालं. त्याची नक्कल काऊन करून राह्यले? तुमचं काय ते बोला."

काकांनी नाकाशी नेलेली बोटं खाली घेतली आणि ते उठून बाहेर पडले.

कर उतरला. मिल बंद केली त्या दुपारी काका ओट्यावर बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगजो. टीव्हीवर तो मीच त नव्हतो ना?"

"नाही काका," मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.